दोन बैठकांमधला काळ : कम्युनिस्ट पक्षांच्या सर्वोच्च समितीची घडण

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका असून त्याच्या दक्षिणेला पैनगंगा आणि नदीपलीकडे तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख आहे. कोलाम, गोंड आणि परधान या आदिवासी समाजांची मोठी वस्ती, कापूस-तुरीची कोरडवाहू शेती आणि मुकुटबन परिसरातील कोळसा व चुनखडी यांवर या तालुक्याचे जीवन उभे आहे. विधानसभेच्या ज्या वणी मतदारसंघात हा तालुका आज मोडतो, त्या मतदारसंघाने १९८५ साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे नामदेवराव काळे यांना निवडून दिले होते. पुढे १९८९ मध्ये अमरावतीतून त्याच पक्षाचे सुदाम देशमुख आणि १९९१ मध्ये वर्ध्यातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे लोकसभेवर गेले. विदर्भाच्या निवडणूक-इतिहासात लाल बावट्याचे असे विजय तुरळकच आहेत. तरीही ते लक्षात घ्यावे लागतात, कारण मतपेटीतून लोकप्रतिनिधी निवडण्याची पद्धत आणि पक्षाच्या आत नेतृत्व निवडण्याची पद्धत या दोन अगदी निराळ्या रचना असून आमदार-खासदार झालेली व्यक्तीदेखील पक्षात आपल्या समितीच्या निर्णयाला बांधलेली असते, हे कम्युनिस्ट पक्षांचे वैशिष्ट्य अशा दूरच्या मतदारसंघांतच अधिक ठळकपणे दिसते.

ही पक्षांतर्गत रचना तळापासून पाहिली तर समजायला सोपी जाते. गावात, वस्तीत किंवा खाणीवर काम करणाऱ्या मोजक्या सभासदांची ‘शाखा’ हा तिचा पाया असतो. शाखेचे सभासद तालुका परिषदेत, तालुक्याचे प्रतिनिधी जिल्हा परिषदेत आणि जिल्ह्याचे प्रतिनिधी राज्य परिषदेत जमतात. येथे ‘परिषद’ म्हणजे ठरावीक वर्षांनी भरणारे अधिवेशन, ज्यात मागील कामाचा अहवाल तपासला जातो, नवी समिती निवडली जाते आणि वरच्या पातळीसाठी प्रतिनिधी ठरवले जातात. साऱ्यांच्या शिखरावर अखिल भारतीय महाअधिवेशन असते, ज्याला पक्षाचे लोक ‘पार्टी काँग्रेस’ म्हणतात, आणि नियमानुसार पक्षातील सर्वोच्च सत्ता तेच असते. परंतु ही सर्वोच्च सत्ता साधारणतः तीन वर्षांतून एकदा, चार-पाच दिवसांसाठी अस्तित्वात येते आणि नंतर विसर्जित होते. म्हणून ती आपल्यामागे एक मोठी समिती ठेवून जाते, ज्या समितीला भारतीय कम्युनिस्ट पक्षात राष्ट्रीय परिषद आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात केंद्रीय समिती असे नाव आहे. या मोठ्या समितीलाही वर्षभर बसता येत नसल्याने ती आपल्यातून एक लहान मंडळ निवडते; आणि त्या लहान मंडळाचेही सर्व सभासद एका शहरात राहत नसल्यामुळे रोजचे कामकाज सरचिटणीस व त्याचे निकटचे सहकारी पाहतात. सर्वोच्च समिती कशी बनते या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर एवढेच आहे. ऐतिहासिक उत्तर मात्र दोन बैठकांमधला काळ कोणाच्या ताब्यात राहिला, या प्रश्नापाशी सापडते.

या रचनेचा उगम रशियातला आहे. क्रांतीनंतर यादवी युद्ध पेटलेले असताना, मार्च १९१९ मध्ये भरलेल्या बोल्शेविक पक्षाच्या आठव्या महाअधिवेशनाने केंद्रीय समितीच्या पोटात तीन अंगे कायम केली : तातडीचे राजकीय निर्णय घेणारे ‘पॉलिट ब्युरो’, कार्यकर्त्यांच्या नेमणुका व बदल्या पाहणारे ‘ऑर्ग ब्युरो’ आणि कचेरी सांभाळणारे सचिवालय. पहिल्या पॉलिट ब्युरोत लेनिन, ट्रॉट्स्की, स्टालिन, कामेनेव्ह आणि क्रेस्टिन्स्की असे पाच पूर्ण सभासद होते. कागदोपत्री सर्वांत दुय्यम मानले गेलेले अंग सचिवालय हे होते. परंतु १९२२ साली सरचिटणीस झालेल्या स्टालिनने नेमणुकांचे अधिकार हाती असण्याचा अर्थ ओळखला, आणि दहा वर्षांच्या आत त्या पाचांपैकी उरलेले चारही जण सत्तेच्या वर्तुळाबाहेर गेलेले होते. कोमिन्टर्न, म्हणजे कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय संघटना, हिने १९२० साली सभासद पक्षांवर ज्या २१ अटी घातल्या, त्यांत ‘लोकशाही केंद्रीयते’ची अट होती. या तत्त्वानुसार निर्णयापूर्वी चर्चेची मुभा असते, पण निर्णय झाल्यावर अल्पमताने बहुमताचा, खालच्या समितीने वरच्या समितीचा आणि सर्वांनी केंद्राचा निर्णय पाळायचा असतो. गुप्तपणे वावरणाऱ्या, पोलिसांच्या पाळतीखाली जगणाऱ्या संघटनेला हा नियम सोयीचाच होता, आणि भारतात तो आला तेव्हा येथील परिस्थितीही तशीच होती.

डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरला झालेल्या कम्युनिस्टांच्या परिषदेत पहिली केंद्रीय कार्यकारिणी निवडली गेली आणि सच्चिदानंद विष्णू घाटे हे तिच्या चिटणिसांपैकी एक होते. पण या कार्यकारिणीला नीट मूळ धरण्याआधीच मार्च १९२९ मध्ये मेरठ कटाच्या खटल्यासाठी देशभर अटका झाल्या, ज्यांत श्रीपाद अमृत डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर आणि अधिकारी असे मुंबईचे जवळजवळ सारे नेतृत्व तुरुंगात गेले. खटल्यातून सुटलेल्यांनी १९३३ च्या अखेरीस तात्पुरती केंद्रीय समिती उभी केली तेव्हा तिची सूत्रे पनवेलला जन्मलेले, बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेले गंगाधर अधिकारी यांच्याकडे आली. १९३४ साली पक्षावर बंदी आली आणि ती जुलै १९४२ मध्ये उठली. त्यामुळे पक्षाचे पहिले महाअधिवेशन भरायला मे १९४३ उजाडावे लागले. मुंबईत भरलेल्या त्या महाअधिवेशनाने केंद्रीय समिती निवडली आणि तिच्या पॉलिट ब्युरोत तिघेच होते : सरचिटणीस पूरणचंद जोशी, गंगाधर अधिकारी आणि भालचंद्र त्र्यंबक रणदिवे. तिघांपैकी दोघे मराठी, मुख्य कचेरी मुंबईत, आणि पायाशी गिरण्यांची कामगार वस्ती, असा हा मेळ होता. त्या मंडळात विदर्भाच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला जागा नव्हती, जरी मुंबईच्या गिरण्यांतला कापूस त्याच्याच शेतातून येत असला तरी; पक्षाची शिडी गिरणीच्या फाटकाशी उभी राहिली होती आणि शेतीच्या बांधापर्यंत ती पुढे अनेक वर्षांनी, तीही अर्धवटच, पोहोचली.

लहान मंडळाच्या हाती सारे अधिकार एकवटले की काय होते, याचा धडा १९४८ ते १९५१ या काळाने दिला आणि त्याची एक कड झरी जामणीच्या शेजारून जाते. फेब्रुवारी-मार्च १९४८ मध्ये कलकत्त्याच्या दुसऱ्या महाअधिवेशनाने जोशींना दूर सारून रणदिवे यांना सरचिटणीस केले आणि देशव्यापी उठावाचा मार्ग स्वीकारला. त्यानंतर अनेक प्रांतांत पक्षावर बंदी आली, पुढारी भूमिगत झाले, मोठ्या समितीच्या बैठका घेणे जवळपास अशक्य झाले आणि दोन बैठकांमधला काळ लांबत जाऊन पॉलिट ब्युरो हाच प्रत्यक्षात पक्ष बनला. त्याच वेळी निजामाच्या राज्यात तेलंगणाचा सशस्त्र लढा चालू होता; सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर लढणारी पथके गोदावरीकाठच्या जंगलपट्ट्यांकडे सरकली आणि पैनगंगेच्या दक्षिणेचा आदिलाबाद जिल्हाही त्या पट्ट्यात येत होता. हा लढा चालवणाऱ्या आंध्र समितीने चीनच्या धर्तीवर शेतकऱ्यांच्या दीर्घ लढ्याचा आग्रह धरला, तर रणदिवे यांचा भर शहरातील कामगारांच्या उठावावर होता आणि त्यांनी माओच्या विचारांवर उघड टीकाही केली. या वादाचा निकाल पक्षाच्या कोणत्याही निवडलेल्या सभेत लागला नाही. जानेवारी १९५० मध्ये कोमिन्फॉर्म या युरोपीय कम्युनिस्ट पक्षांच्या समन्वय मंडळाच्या मुखपत्राने चीनचा मार्ग उचलून धरला, तेव्हा रणदिवे यांचे स्थान डळमळले आणि त्याच वर्षी आंध्रचे राजेश्वर राव सरचिटणीस झाले. तेवढ्यानेही पेच न सुटल्यामुळे १९५१ साली डांगे, अजय घोष, राजेश्वर राव आणि बसवपुन्नय्या असे चौघे गुप्तपणे मॉस्कोला जाऊन स्टालिनला भेटले, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरात तेलंगणाचा लढा मागे घेण्यात आला. नदीपलीकडच्या जंगलात लढणाऱ्यांच्या भवितव्याचा निर्णय हजारो मैलांवर झाला, ही गोष्ट पक्षाच्या अधिकृत इतिहासांत तपशिलाने येते, पण रचनेच्या अंगाने तिची चिकित्सा फारशी होत नाही.

या अनुभवानंतरचा मोठा बदल एप्रिल १९५८ च्या अमृतसर येथील विशेष महाअधिवेशनात झाला. वर्षभरापूर्वी केरळात पक्षाने निवडणुकीतून सरकार स्थापले होते आणि भूमिगत टोळीच्या मापाने शिवलेला अंगरखा आता संसदीय पक्षाला तोकडा पडत होता. अमृतसरने केंद्रीय समिती व पॉलिट ब्युरो ही दोन्ही मंडळे मोडीत काढली आणि त्यांच्या जागी १०१ सभासदांची राष्ट्रीय परिषद, २५ जणांची केंद्रीय कार्यकारिणी आणि ९ जणांचे सचिव मंडळ अशी तीन मजली मांडणी केली; तळाशी गुप्ततेसाठी बनलेल्या ‘सेल’ऐवजी खुली शाखा आली. मोठ्या परिषदेचा हेतू निरनिराळ्या राज्यांना आणि प्रवाहांना वर जागा मिळावी हा होता, आणि तो काही अंशी साध्यही झाला. मात्र मजले वाढले की प्रत्येक जिना चढायला वेळ लागतो आणि शंभरांच्या परिषदेत बसणाऱ्याला तिसऱ्या मजल्यावरच्या नऊ जणांनी आधीच तयार केलेल्या मसुद्यावरच बोलावे लागते, ही अडचण या सुधारणेने दूर केली नाही. उलट जानेवारी १९६२ मध्ये सरचिटणीस अजय घोष वारले तेव्हा दोन प्रवाहांत तडजोड म्हणून ‘अध्यक्ष’ असे नवेच पद निर्माण करून ते श्रीपाद अमृत डांगे यांना आणि सरचिटणीसपद ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांना देण्यात आले. रचनेत माणसांसाठी पद तयार करणे हा उपाय दोन वर्षेच टिकला : ११ एप्रिल १९६४ रोजी राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीतून ३२ सभासद बाहेर पडले आणि पक्ष दुभंगला.

फुटीनंतर दोन्ही पक्षांनी दोन रचना स्वीकारल्या, ज्या आजही टिकून आहेत. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने अमृतसरची मांडणी ठेवली; आजच्या घडीला सव्वाशेच्या आसपास सभासदांची राष्ट्रीय परिषद, तिच्यातून निवडलेली साधारण तिसांची राष्ट्रीय कार्यकारिणी आणि दहा-अकरा जणांचे राष्ट्रीय सचिव मंडळ अशी तिची वीण आहे, तर शिस्तभंगाची व हिशेबाची प्रकरणे तपासण्यासाठी वेगळा नियंत्रण आयोग असतो. डांगे १९८१ साली पक्षाबाहेर काढले गेले आणि त्यांच्यासाठी घडवलेले अध्यक्षपद पुन्हा भरले गेले नाही. मार्क्सवादी पक्ष मात्र १९६४ च्या कलकत्ता महाअधिवेशनात केंद्रीय समिती व पॉलिट ब्युरो या जुन्या जोडीकडे परतला. त्या पहिल्या पॉलिट ब्युरोतील नऊ जणांत सुंदरय्या, नंबुद्रिपाद, ज्योती बसू यांच्याबरोबर भा. त्र्यं. रणदिवे होते; चौदा वर्षांपूर्वी सर्वोच्च स्थानावरून घसरलेला माणूस पुन्हा त्याच पंक्तीत बसला आणि १९९० मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. मार्क्सवादी पक्षाच्या घटनेनुसार पॉलिट ब्युरो केंद्रीय समितीच्या दोन बैठकांमध्ये तिचे काम चालवते व राजकीय आणि संघटनात्मक निर्णय घेऊ शकते, परंतु ते केंद्रीय समितीला उत्तरदायी असते.

हे उत्तरदायित्व केवळ कागदावरचे नसते, हे १९९६ साली दिसले. संयुक्त आघाडीने ज्योती बसू यांना पंतप्रधानपद देऊ केले. सरचिटणीस हरकिशनसिंग सुरजित आणि स्वतः बसू सरकारात जावे या मताचे असूनही केंद्रीय समितीच्या बहुमताने तो प्रस्ताव फेटाळला, आणि दोघांनीही निर्णय पाळला. बसूंनी पुढे त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटले. त्याच प्रसंगी भारतीय कम्युनिस्ट पक्षाने सरकारात जाण्याचे ठरवले, सरचिटणीस इंद्रजित गुप्ता गृहमंत्री झाले आणि रिकाम्या झालेल्या सरचिटणीसपदी अर्धेंदू भूषण बर्धन आले. बर्धन यांचा जन्म १९२४ मध्ये बरिसालचा, पण त्यांची जडणघडण नागपूरची; तेथील विद्यार्थी चळवळ आणि कामगार संघटनांतून ते पुढे आले व १९५७ साली नागपुरातून विधानसभेवर अपक्ष म्हणून निवडून गेले होते. २०१२ पर्यंत सोळा वर्षे ते पक्षाच्या सर्वोच्च पदावर राहिले. नागपूर ते दिल्ली हा त्यांचा मार्ग कामगार संघटनांतून, विशेषतः ‘आयटक’ या कामगार महासंघाच्या नेतृत्वातून गेला, आणि वर चढण्याची हीच वाट दोन्ही पक्षांत सर्वांत वापरातली आहे : ज्याला पक्षाच्या भाषेत ‘जनसंघटना’ म्हणतात त्या किसान सभा, कामगार संघटना किंवा महिला संघटनेत माणूस मोठा होतो आणि मग समिती त्याला आत ओढून घेते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या पायी मोर्चाने वनजमिनीच्या हक्काचा प्रश्न देशासमोर आणला; तो मोर्चा काढणाऱ्या किसान सभेचे अध्यक्ष अशोक ढवळे २०२२ मध्ये मार्क्सवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोत आले. झरी जामणीच्या कोलामालाही वनहक्काचा तोच प्रश्न भेडसावतो, पण त्याच्या तालुक्यापासून सर्वोच्च समितीपर्यंतच्या वाटेवर पूर्णवेळ कार्यकर्ता होण्याची पायरी आहे आणि अल्प मानधनावर घर सोडून शहरात राहणे हे ज्याचे पोट पेरणी-वेचणीवर आहे त्याला सहसा परवडत नाही. या गाळणीचा परिणाम आकड्यांत दिसतो. मार्क्सवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोत पहिली स्त्री, वृंदा करात, २००५ साली आली; पहिला दलित सभासद, रामचंद्र डोम, २०२२ साली; आणि त्रिपुराचे आदिवासी नेते जितेंद्र चौधरी २०२५ साली. भारतीय कम्युनिस्ट पक्षात डी. राजा २०१९ मध्ये सरचिटणीस झाले, तेव्हा त्या पदावर प्रथमच दलित व्यक्ती बसली. भूमिहीनांचा पक्ष म्हणवणाऱ्यांच्या शिखरावर हे बदल इतके उशिरा व्हावेत याचे कारण सद्भावनेच्या अभावापेक्षा रचनेत अधिक शोधावे लागते.

त्या रचनेचे मर्म ‘पॅनेल’ या पद्धतीत आहे. महाअधिवेशनात नव्या समितीसाठी नावांची यादी मावळती समितीच सादर करते. प्रतिनिधींना यादीतील नावावर हरकत घेण्याचा आणि नवे नाव सुचवण्याचा अधिकार असतो व सुचवलेले नाव मागे घेतले गेले नाही तर गुप्त मतदान घ्यावे लागते. पण व्यवहारात असे मतदान क्वचित होते, कारण यादीत कोणत्या राज्याचे किती, कोणत्या आघाडीचे किती, स्त्रिया किती, तरुण किती याचा मेळ आधीच घातलेला असतो आणि एक नाव घुसवले तर दुसरे गळणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. एप्रिल २०२५ मध्ये मार्क्सवादी पक्षाच्या मदुराईच्या महाअधिवेशनात महाराष्ट्रातील ‘सिटू’ या कामगार संघटनेचे नेते डी. एल. कराड यांनी यादीबाहेरून केंद्रीय समितीसाठी उमेदवारी केली आणि मतदान झाले. त्यांना ३१ मते मिळाली आणि ते पडले. एवढ्या अपयशाचीही देशभर बातमी झाली, यावरूनच हा प्रसंग किती विरळा होता हे कळते. बदल घडवायचा तर तो यादी करणाऱ्यांच्या हातून घडतो. त्यामुळे अलीकडे दोन्ही पक्षांनी नियमच बदलून यादीला आपोआप मोकळे करण्याचा मार्ग धरला. मार्क्सवादी पक्षाने २०१२ साली कोळिकोड येथे प्रत्येक पातळीवरील चिटणिसाला लागोपाठ तीनच मुदती ठरवल्या आणि २०२२ साली कण्णूरला समितीसाठी ७५ वर्षांची वयोमर्यादा घातली. त्याच वर्षी विजयवाड्याला भारतीय कम्युनिस्ट पक्षानेही ७५ चीच मर्यादा स्वीकारली, जरी नेतृत्वातील काहींना तीतून सूट द्यावी लागली तरी.

ज्या पक्षाला उघड महाअधिवेशन घेताच येत नाही, त्याच्या सर्वोच्च समितीचे काय होते, हेही वणी परिसराच्या इतिहासाला चिकटलेले आहे. सप्टेंबर २००४ मध्ये दोन सशस्त्र गटांच्या विलीनीकरणातून भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) बनला व २००९ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. रचनेने तो जुन्या साच्यातलाच आहे : केंद्रीय समिती, तिचे पॉलिट ब्युरो आणि त्यांना जोडून शस्त्रबळाची सूत्रे सांभाळणारा केंद्रीय लष्करी आयोग, त्याखाली राज्यांच्या सीमा ओलांडणारे विभाग. वणी तालुक्यातील राजूर या कोळसा खाणीच्या गावात जन्मलेले मिलिंद तेलतुंबडे या केंद्रीय समितीचे सभासद आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या संगमावरील विभागाचे प्रमुख होते, आणि १३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील चकमकीत मारले गेले. झरी जामणीला लागून असलेल्या तालुक्यातून एखाद्या कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीपर्यंत पोहोचलेले ते बहुधा एकमेव नाव असावे, आणि त्यांचा मार्ग कोणत्याही जिल्हा परिषदेतल्या गुप्त मतदानातून गेलेला नव्हता.

या पक्षाचे ‘एकता महाअधिवेशन’ २००७ च्या आरंभी जंगलात झाले. त्यानंतर समितीत पडत गेलेल्या जागा प्रामुख्याने ‘सहयोजना’ने, म्हणजे उरलेल्या सभासदांनीच नवे सभासद आत घेण्याच्या पद्धतीने, भरल्या गेल्या, दोन बैठकांमधल्या काळाचे येथे दशक झाले आणि निवडून देणारी सभाच न उरल्याने समिती स्वतःच स्वतःचा उगम बनली. २१ मे २०२५ रोजी सरचिटणीस बसवराजू अबुझमाडमध्ये मारले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॉलिट ब्युरोचे सभासद मल्लोजुला वेणुगोपाल उर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, आणि तसे करण्याआधी आपल्याच समितीतील इतरांशी शस्त्रसंन्यासाच्या प्रश्नावर त्यांचा पत्रकांतून उघड वाद झाला, ज्याचा निकाल देऊ शकेल असे कोणतेही वरचे मंडळ त्या वेळी भरवता येण्याजोगे राहिले नव्हते.